सोर्सवाला

लिबरऑफिस फुकट मिळतं. बटण दाबलं की चहा उकळेपर्यंत उतरतं, मेनू मराठीत हवे असतील तर तेही मिळतात. सोर्सवाल्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण आयतं आणलेलं सॉफ्टवेअर त्याला पचत नाही, तो ते घरी करतो. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत असा एखादा सापडतो. पेंग्विनचा विटका टी-शर्ट आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसली की ओळखावं.

शुक्रवारी रात्री तो सोर्स उतरवायला लावतो. सगळ्या इतिहासासकट, म्हणजे काही जीबी. इतिहासाशिवाय घेता येतो, पण मग तुम्हाला ऐकवणार काय? तुम्ही लिफ्टमध्ये ‘काय, शनिवार-रविवार काय बेत?’ एवढंच विचारलेलं असतं. तळमजल्यापर्यंत तुम्हाला कळतं की १९८५ साली जर्मनीत स्टारडिव्हिजन नावाची कंपनी निघाली, १९९९मध्ये ती सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, २०००मध्ये सोर्स खुला झाला आणि २०१०मध्ये मंडळी वेगळी होऊन लिबरऑफिस जन्माला आलं. पार्किंगमध्ये तो जर्मन टिपांवर येतो. मूळ प्रोग्रामरांनी कोडमधल्या टिपा जर्मनमध्ये लिहून ठेवल्या होत्या, स्वयंसेवक कित्येक वर्षं त्यांचं इंग्रजी करत बसले होते. आमच्या सोर्सवाल्याने हातभार लावायचा म्हणून मॅक्समुल्लर भवनात नाव घातलं. तो डेर-डी-डास पाठ करून बाहेर पडेपर्यंत टिपा संपत आल्या होत्या. ही सल अजून आहे.

शनिवारी सकाळी ऑटोजेन चालवायचं. मशीनवर काय काय आहे याची ते झडती घेतं आणि पहिली उणीव सापडली की ‘एरर’ म्हणून थांबतं. जीपर्फ नाही. जीपर्फ कशाशी खातात हे त्यालाही माहीत नसतं, पण तो ते आणतो. मग बायसन नाही. मग कुठल्याशा लायब्ररीचं नुसतं पॅकेज आहे, पण ‘डेव्ह’वालं नाही. लग्नात एका आत्याला आमंत्रण द्यावं तर तिची जाऊ रुसते, जावेला द्यावं तर विहीणबाई, तसा दुपारपर्यंत मानपान चालतो. खरं तर उबुंटूत एका कमांडमध्ये ही बहुतेक वऱ्हाडी मंडळी येऊन बसतात. ती कमांड त्याला पाठ आहे. वापरत नाही. ‘मग कळणार कसं, काय काय लागतं ते?’

आणि एकदाचं ‘मेक’.

इथे या जातीत दोन पोटजाती पडतात. मेकच्या पुढे ‘जे’ लावून एक आकडा द्यायचा असतो: एका वेळी किती कामं चालवायची. सावध माणूस प्रोसेसरचे कोअर मोजून देतो. आमचा सोर्सवाला दुसऱ्या पोटजातीतला. त्याने एकदा ‘जे’ लिहिला आणि आकडाच दिला नाही. आकडा नसला की मेक मर्यादा पाळत नाही, दिसेल ते काम सुरू करतं. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, पडद्यावर ‘सीएक्सएक्स’, ‘सीएक्सएक्स’ अशा ओळी धो-धो धावताहेत, मग माउस अडखळला, घड्याळाचा सेकंद थबकला. शेवटी लिनक्सने स्वतःच मेमरी मोकळी करण्यासाठी कंपायलरचा बळी घेतला आणि पडद्यावर एकच शब्द उमटला: किल्ड.

घरच्यांनी यातून आपापली सोय लावून घेतली आहे. डिसेंबरात इडलीचं पीठ फुगत नाही, म्हणून वहिनी पातेलं लॅपटॉपच्या पंख्याच्या तोंडाशी ठेवतात. ‘अहो, आज तुमचं ते मोठं लावणार आहात ना? मग मी डाळ-तांदूळ भिजत घालते.’ जेवायला हाक मारली की आतून आवाज येतो, ‘अगं, लिंक होतंय!’ वहिनींना आता कळतं की लिंक होताना उठवू नये, पण कंपाइल होत असेल तर खुशाल उठवावं. त्या दिवशी बिल्ड पडलं तरी इडल्या मात्र हलक्या झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

‘पहिल्यांदाच वेळ लागतो,’ तो मला सांगतो. ‘सीकॅश लावलंय. एकदा केलेलं ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी बघा.’ पुढच्या वेळी कंपायलरच अपडेट झालेला असतो, आणि सीकॅश ओळख दाखवत नाही.

त्याला हसणं सोपं आहे. आपण बटण दाबून घेतो ते कुणीतरी असंच जागून, शिव्या देत, बांधून तपासून ठेवलेलं असतं, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं होतं. प्रश्न लिफ्टच्या देखभाल खर्चाचा चालला होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

ते बिल्ड पडलं त्याच्या आदल्याच शुक्रवारी सेक्रेटरी काकांनी त्याला एक नोटीस टाइप करून द्यायला सांगितली होती: रविवारी पाण्याची टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे. ‘बिल्ड झालं की लगेच देतो, काका.’ जुनं रायटर होतं, पण बिल्ड चालू असताना जुन्यात लिहिणं त्याला बरं वाटेना. सोमवारी पहाटे बिल्ड पार पडलं. त्याने आधी ‘अबाउट’ची खिडकी उघडून बिल्ड आयडीचा लांबलचक आकडा वहिनींना दाखवला. त्या झोपेत ‘छान’ म्हणाल्या. मग त्याने नोटीस टाइप केली, समास दोनदा सारखे केले, छापून काकांच्या हातात ठेवली आणि पळतच घरी गेला, कारण तोवर जगभरच्या मंडळींनी सोर्समध्ये नवे बदल घातले होते.

टाकी रविवारीच धुऊन झाली होती. तरी काकांनी ती नोटीस लिफ्टमध्ये लावली. म्हणाले, ‘राहू दे, अक्षर सुबक आलंय.’ सातव्या मजल्यावरच्या आजी आता दर शनिवारी बादल्या भरून ठेवतात.