काका ‘आले’ चालवतात

डोंबिवली पूर्वेला हल्ली एक नवी जमात वाढीला लागली आहे: फ्रेंच शिकणारे काका. बँकेतून निवृत्त, मोतीबिंदू उरकलेला, पेन्शन वेळेवर, मुलगा मॉन्ट्रियलला. क्यूबेक प्रांतात 1977 चा भाषा कायदा आहे. बाहेरून आलेल्यांची पोरं सरकारी शाळेत गेली, की फ्रेंच माध्यमातच बसतात. त्यामुळे नातू फडाफडा फ्रेंच बोलतो आणि व्हिडिओ कॉलवर काका नुसते हसतात. एका रविवारी या हसण्याचा त्यांना कंटाळा येतो आणि सोमवारी ते ठाण्याला, नौपाड्यातल्या क्लासला नाव घालून येतात. पावतीवरची रक्कम अंकी आणि अक्षरी जुळते का, ते तिथेच उभं राहून बघतात.

आत्मविश्वास दांडगा असतो, कारण शाळेत संस्कृतात पहिला नंबर कधी सोडलेला नसतो. गच्छति गच्छतः गच्छन्ति ज्याने झोपेत चालवलं, त्याला फ्रेंचचं काय मोठं? शिवाय फ्रेंचमध्ये द्विवचन नाही. नवाच्या जागी सहाच रूपं, म्हणजे सरळ तेहतीस टक्के सूट!

मग येतं ‘जाणे’. फ्रेंचमध्ये जाण्याला ‘आले’ म्हणतात, इथेच पहिला धक्का. रूपं पुढे: झ्य व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नू झालों, वू झाले, इल व्हों. भविष्यकाळात ‘झिरे’, म्हणजे मी जाईन. ‘आले’चा मागमूस नाही. मॅडम सांगतात, लॅटिनमधली वेगवेगळी क्रियापदं इथे एका छपराखाली नांदताहेत. ‘झिरे’ आलंय लॅटिन ‘ईरे’वरून, आणि ते संस्कृत ‘एति’च्या भावकीतलं. हे शेवटचं त्यांनी सांगायला नको होतं. तेव्हापासून गणपती मंदिराजवळ भेटेल त्याला काका ऐकवतात, “सगळं आपल्याकडूनच गेलंय हो!” गेलेलं नाही, दोघांचं मूळ एक आहे एवढंच, पण हे काकांना सांगायला डोंबिवलीत कोणाची छाती नाही.

पाठांतर स्लो लोकलमध्ये, दुपारच्या रिकाम्या गाडीत. डोंबिवली ते ठाणे स्टेशनं सहा आणि रूपंही सहा. डोंबिवलीला ‘झ्य व्हे’, कोपरला ‘त्यू व्हा’. दिव्याला गर्दी घुसते, तेव्हा खिडकीला नाक टेकवून ‘इल व्हा’. मुंब्र्याला ‘नू झालों’ जरा मोठ्याने निघतं आणि शेजारचा डबा आवरून विचारतो, “काय झालं, काका?” नोकरीची सगळी वर्षं हा माणूस याच रुळांवरून व्हीटीला गेला, पण ‘जाणे’ या क्रियापदाकडे त्याचं लक्ष आत्ता गेलं.

घरी पाटावर वही उघडतात. काकू चौथ्या ‘झ्य व्हे’नंतर विचारतात, “अहो, म्हणजे काय ते?”

“मी जातो.”

“सकाळपासून जातो जातो चाललंय, दळण अजून गिरणीतच आहे.”

मोठी परीक्षा रविवारी, कॉलवर. काका घसा साफ करून ‘सा व्हा?’ विचारतात. हेही त्याच क्रियापदाचं, आपलं ‘कसं चाललंय’. नातू खूश होऊन सुसाट सुटतो. त्या धबधब्यात काकांना एकच गोष्ट पकडता येते: पोरगं ‘झ्य व्हे’ऐवजी ‘झ्य व्हा’ म्हणालं! क्यूबेकमध्ये घरगुती बोलण्यात सर्रास तसंच म्हणतात, असं सून समजावते. काका ऐकत नाहीत. “व्हे म्हण, बाळा, व्हे,” असं ते मॉन्ट्रियलच्या पोराला डोंबिवलीहून तीनदा घोकायला लावतात. सगळा प्रांत चुकत असेल, तर तो प्रांताचा प्रश्न.

तेव्हा दुपारच्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेले कोणी काका ‘वू झाले’ असं ठणकावून म्हणाले, तर घाईने बॅग उचलू नका. ते कळवा आहे, ठाणं पुढचं.