दुकान बंद, नफा चालू

इंग्रजांनी तलवारीच्या जोरावर मुलूख घेतला, असं अजून भाषणांतून ऐकू येतं. तलवार होतीच. पण आमचं पांढुर्णा-सौंसर घेताना ती म्यानातून काढावीसुद्धा लागली नाही.

कागद पुरला.

या कागदांचं मूळ लंडनचं. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने काही व्यापाऱ्यांना सनद दिली. पूर्वेकडचा व्यापार तुमचा, दुसऱ्या इंग्रजाने तिकडे फिरकायचं नाही. पूर्वेकडच्या कुणाला विचारलं होतं का? विचारायचं कशाला? राणी त्यांची, सनद त्यांची.

तेव्हा आमच्याकडे देवगडच्या गोंड राजांचं राज्य. पुढे देवगड नागपूरच्या भोसल्यांकडे आलं, आणि भोसल्यांकडे कंपनीचे तह येऊ लागले.

पहिला मोठा तह देवगावचा, १७ डिसेंबर १८०३. दुसऱ्या रघूजींनी कटक सोडलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाडही सोडला. लढाई हरले होते, तेव्हा हे एक वेळ समजू. पण कंपनीने वऱ्हाड स्वतः ठेवला नाही, निजामाला दिला. केवढं हे औदार्य!

पन्नास वर्षं टिकलं.

निजामाच्या खर्चाने एक फौज पोसली जायची. हुकूम चालायचा इंग्रज अधिकाऱ्यांचा. खर्च थकला, निजामाच्या नावावर कर्ज चढलं आणि १८५३ मध्ये तोच वऱ्हाड कंपनीकडे आला. मुलूख एकच, मेहेरबानी एकदा, वसुली एकदा.

वर्धा उगवते मुलताईजवळ, म्हणजे आमच्या परसात. अलीकडे आम्ही भोसल्यांचे, पलीकडचे वरूड-मोर्शीवाले निजामाचे. रेघ ओढणारे मात्र दोन्हीकडे तेच. (१९५६ ची राज्यांची रेघ हा वेगळा विषय. त्यावर लिहिलं की दोन्हीकडची मंडळी चिडतात.)

आता खरी गंमत. मे १८१६. नागपूरच्या गादीवर परसोजी, पण कारभार पाहण्याची त्यांची स्थितीच नव्हती. कारभारी अप्पासाहेब, आणि अप्पासाहेबांना धाक दरबारातल्या विरोधकांचा. अशा घाबरलेल्या माणसांवर कंपनीचा भारी जीव. तैनाती फौजेचा तह झाला. फौज कंपनीची, खर्च नागपूरचा, वर्षाला साडेसात लाख. दुसऱ्या दरबाराशी बोलायचं तर कंपनीला विचारून. भोसल्यांचं रक्षण सगळ्यांपासून होणार होतं.

कंपनी सोडून.

दीड वर्षात अनुभव आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रं स्वीकारली. भोसल्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं पद ते. पण कंपनीच्या रेसिडेंट जेन्किन्सला त्यात शत्रुत्व दिसलं, कारण पेशव्यांशी कंपनीचं नुकतंच फाटलं होतं. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. जिचा खर्च भोसल्यांच्या माथी, त्याच फौजेने भोसल्यांना हरवलं. पैसे अगदीच वाया गेले, असं म्हणता येणार नाही.

शेजारचं बैतूल १८१८ मध्येच गेलं. अप्पासाहेब कैद झाले, अलाहाबादच्या वाटेवरून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. तिथे हर्रईच्या चैनशाह या गोंड सरदाराने त्यांना आसरा दिला. त्याने साडेसात लाख मागितल्याचं ऐकिवात नाही.

पांढुर्णा-सौंसरची पाळी आली १८५४ मध्ये. नागपूरचे राजे तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. पोटी मुलगा नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. राण्या दत्तक घ्यायला तयार होत्या, दुसऱ्या रघूजींच्या पत्नी, वृद्ध बांकाबाई हयात होत्या. पण गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या लेखी राज्य बेवारस. आता बेवारस मालाचं काय करतात? हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. या मुलखातल्या कापसाचा विलायतेला किती उपयोग होईल, हेही डलहौसीने लिहून ठेवलंय. कायदा वारसाचा, डोळा कपाशीवर.

आणि हे सगळं घेणारी कंपनी तेव्हा करत काय होती? व्यापार? छे! १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापारच बंद केला होता. दुकानाला टाळं लागून वीस वर्षं झाली होती, तरी गल्ला वाढतच होता.

कारण त्याच कायद्यात भागधारकांची सोय होती. लंडनच्या भागधारकाला वर्षाला साडेदहा टक्के लाभांश, चाळीस वर्षं, हिंदुस्थानच्या महसुलातून. पाऊस पडो न पडो. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं, कारभार राणीकडे गेला, लाभांश कुठेच गेला नाही. १८७४ मध्ये कंपनी मोडली, तेव्हा शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड. म्हणजे सौंसरच्या कास्तकाराने जो सारा भरला, त्यातून आधी लंडनच्या भागधारकांचा लाभांश फिटला आणि मग कंपनीचं तेरावंही उरकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, झाली, की बाहेरच्या पत्रकारांना आमच्या रानटीपणाचा उमाळा येतो. येऊ द्या. गोटा पांढुर्ण्याकडून आला की सावरगावकडून, हे निदान दिसतं. साडेदहा टक्के कुणीकडून बसले, हे कुणाला दिसलं?

कंपनी मोडली म्हणून धंदा मोडतो का? दहा वर्षांत जर्मनीच्या कार्ल पीटर्सने वसाहती मिळवायला एक मंडळी स्थापन केली, पूर्व आफ्रिकेत जाऊन तिथल्या प्रमुखांच्या फुल्या जर्मन कागदांवर घेतल्या, आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये कैसरने त्यावर संरक्षणपत्र दिलं. जर्मन वाचता येणारा त्यात एकच पक्ष होता. १८८८ मध्ये आफ्रिकेतच, दक्षिणेकडे, सेसिल ऱ्होड्स या इंग्रजाच्या माणसांनी लोबेंगुला राजाकडून खाणींचा हक्क लिहून घेतला. बदल्यात महिना शंभर पौंड, हजार रायफली आणि झांबेझी नदीवर एक तोफांची बोट. राजाने पुढे करार नाकारला, पण पुढच्याच वर्षी लंडनने ऱ्होड्सच्या कंपनीला सनद देऊन टाकली.

बोट कधी आलीच नाही. नागपूरला निदान ठरलेली फौज तरी वेळेवर पोचली होती.