अण्णांचा दुर्योधन

नाटक सोडतो पण भूमिका सोडत नाही, असा एक इसम तुमच्याही गावात असणारच. भजनी मंडळातून रुसून गेलेला मृदंगवाला, संबळ खाली ठेवलेला गोंधळी, सरपंचपद गेलं तरी ध्वजवंदनाला दोरीपाशी उभे राहणारे माजी सरपंच, हे सगळे त्याचेच भाऊबंद. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीत ही गादी अण्णा चालवतात.

गणपतीत आमचं मंडळ महाभारतावरचं नाटक करतं. ते गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं. त्यात अण्णा दुर्योधन. भीमानं मांडी फोडल्यावर माणूस किती बोलू शकतो, याला मास्तरांच्या संहितेत अर्धं पान होतं. अण्णांनी ते वाढवत वाढवत पाऊण तासावर नेलं. एका वर्षी ऐन मरणाच्या वेळी लाईट गेली, जनरेटर लावला, आणि विंगेतून अध्यक्ष ओरडले, "अण्णा, आटपा मरायचं, डिझेल संपतंय!" फुटक्या मांडीचे अण्णा ताडकन उठले, मुकुट काढून भीमाच्या हातात दिला आणि तिथल्या तिथे राजीनामा दिला. मिशी मात्र घेऊन गेले. ती आजही त्यांच्या पानाच्या डब्यात, वरच्या कप्प्यात, सुपारीशेजारी असते. डिंकाला कात लागून ती आता तांबूस झाली आहे.

पुढच्या वर्षी भूमिका एका तरण्या पोराला दिली. तालमीला अण्णा हजर. पोरगा चहा प्यायला, तर अण्णा म्हणाले, "माझा दुर्योधन मुकुट घालून चहा पीत नाही." पोरानं मान खाजवली. "माझ्या दुर्योधनाला खाज येत नाही. तो राजा आहे." प्रयोगाला तर ते पहिल्या रांगेत बसून पोराच्या अर्धा क्षण आधी वाक्य म्हणत. मागच्यांना वाटे, दुर्योधन खाली बसलाय आणि वर त्याचा पडसाद उभा आहे.

हे मांडवापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण लग्नात वाढपी ताटाला वळसा घालून गेला की, "माझा दुर्योधन असल्या पंगतीला बसला नसता," म्हणत अण्णा तिसऱ्यांदा बुंदी घेतात. खताच्या दुकानात उधारी नाकारली, तर भर बाजारात गरजले, "माझ्या दुर्योधनानं कर्णाला अख्खा अंगदेश दिला, अन् तुला युरियाची एक गोणी जड झाली?" गोणी मिळाली नाही, पण दुकानदार हात जोडून उभा राहिला. काकू पोराच्या हाती निरोप धाडतात, "त्यांच्या दुर्योधनाला म्हणावं, येताना दळण आणा."

शेवटी मारुतीच्या पारावर बैठक झाली. दुर्योधन नेमका कुणाचा? एकानं सुचवलं, पात्रच गाळा. "मग भीमानं काय खांबाची मांडी फोडायची?" दुसरा म्हणाला, त्याला सगळी रात्र डोहातच लपवा, नुसता आवाज येऊ द्या. आवाज कुणाचा, यावर बैठक पुन्हा फुटली.

कायदा अण्णांच्या बाजूनं नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिलेलं नाटक लेखकाचं मानतो. नटाला १९९४ च्या दुरुस्तीनं हक्क मिळाला तो स्वतःच्या सादरीकरणावर, आणि २०१२ मध्ये त्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, अशीही भर पडली. म्हणजे ती पाऊण तासाची मरणघटका अण्णांची, दुर्योधन नाही. हे सांगितल्यावर अण्णांनी विचारलं, "लेखकाचा हक्क किती वर्षं?" मृत्यूनंतर साठ. "अन् लेखक कोण? व्यास. व्यास चिरंजीव. मग तुमची साठ वर्षं सुरू तरी कधी होणार? त्यांची लेखी परवानगी आणा!" यावर तालुक्यातला कुठलाही वकील निरुत्तर झाला असता.

मी म्हणालो, "अण्णा, नटसम्राटातले अप्पा बेलवलकर लागूंनी उभे केले, पण पुढे दत्ता भटांनीही केलेच ना? पणशीकरांच्या माघारी लखोबा थांबला का? आपल्या मराठवाड्याचे लक्ष्मण देशपांडे २००९ ला गेले. त्यांच्या 'वऱ्हाड'मधली बावन्न पात्रं पोरकी झाली असती, ती संदीप पाठकांनी पुन्हा उभी केली. तुम्हाला एक सोडवत नाही?"

अण्णा म्हणाले, "ती माणसं मोठी. त्यांच्याकडं दुसरंही काही होतं."

यावर मला बोलता आलं नाही. कारण मंडळाची खरी कथा वेगळीच आहे. आमचा भीम चाकणला कंपनीत लागला, त्यानं गदा कुणाची असं कधी विचारलं नाही. शकुनी वाळूजला गेला, फासे कुठं ठेवले ते त्याला आठवत नाही. एक अर्जुन तर धनुष्य घरी विसरला आणि त्याच्या आईनं त्यावर दोडक्याचा वेल चढवला. सगळ्यांनी पात्रं अशी सोडली, जशी एसटीतली जागा सोडतात. उतरले, मागं वळून पाहिलं नाही. भांडायला एकटे अण्णा उरले. यंदा नाटक बंद करून डीजे आणायचा ठराव आला, तेव्हा विरोधात उठलेला हातही एकच होता. "माझा दुर्योधन डीजेपुढं नाचत नाही," एवढ्या वाक्यावर अध्यक्षांनी वैतागून ठराव मागं घेतला आणि अण्णांनाच तालमीला बसवलं.

पहिल्याच दिवशी अण्णांनी पोराला मरायचं कसं ते शिकवायला घेतलं. मांडी धरायची, श्वास अडकवायचा, मग वाक्य. पोरानं निमूट ऐकलं, गदा टेकवली आणि म्हणाला, "अण्णा, तुमचा मरताना बोलत असंल. पण माहा दुर्योधन तवा गप राहतो."

अण्णा संतापले. पान थुंकून आले. मग पानाचा डबा उघडून त्यांनी मिशी त्याच्या अंगावर फेकली आणि अध्यक्षांना बजावलं, "याला काढू नका. हा भांडेल."