समोरच्या वहिनींची यॉट

अहो, ऐकलंत का? राहू द्या त्या कुरडया, ऊन काही पळून जात नाही वणीतून. समोरच्या वहिनी यॉट करताहेत! हो, यॉट. गोव्याला. लग्नाला पंचवीस वर्षं होतात ना, तर म्हणे हॉल घेऊन जेवणावळी सगळेच घालतात, आपण अख्खी बोट घेऊ आणि दिवसभर बेटं नि बीच फिरू. ज्या घरातली पोरं निर्गुड्याला पाणी आलं की पुलाकडे फिरकायचीसुद्धा नाहीत, त्या घरात... जाऊ द्या, मी कशाला बोलू.

तर काय सांगत होते, यादी! वहिनींनी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर अख्खा दिवस मांडला होता. सकाळी पणजीहून निघायचं, ग्रँड आयलंडला पोहायचं, तिथून काणकोणचा तो बटरफ्लाय बीच, मग पाळोळे, येता येता सिंधुदुर्ग किल्ला, आणि सूर्यास्ताला परत पणजी. भाचा पणजीत नोकरीला आहे ना त्यांचा, त्याला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवत होत्या. मी वाटी द्यायला गेले होते, म्हणून कानावर पडलं हो. पोरगा आधी गप्पच. मग म्हणाला, "मामी, पाळोळे दक्षिणेला आणि सिंधुदुर्ग उत्तरेला, मालवणात. येता येता कसा लागेल?" आणि शिडाची बोट म्हणे पाच-सहा नॉटने चालते. नॉट म्हणजे तासाला 1852 मीटर. काढा हिशेब, दहा किलोमीटरच्या आसपास! कापूस भरलेला ट्रॅक्टर बरा त्यापेक्षा. पणजीहून पाळोळे रस्त्यानेच सत्तर किलोमीटर, म्हणजे नुसतं पोचण्यातच दिवस गेला की. वहिनींनी पेनाला टोपण घातलं, काढलं, परत घातलं. चेहरा असा झाला की मला वाटी परत मागवेना.

मग पोरानेच मार्ग काढला. सकाळी लवकर मांडवीतून बाहेर पडायचं, उजव्या हाताला आग्वाद, डाव्या हाताला काबचं राजभवन, तिथे डॉल्फिन दिसतात बरेचदा. पुढे मुरगावच्या बाजूने ग्रँड आयलंड, पोहणं, जेवण, की परत. बटरफ्लाय दुसऱ्या दिवशी, पाळोळ्याहून छोट्या होडीने. आणि सकाळीच का, तर दुपारनंतर वारा उठतो, बोट हलते आणि पोटही. मोठी बोट काही वाळूपर्यंत जात नाही, दूर नांगर टाकून डिंगीतून उतरवतात, हे ऐकून त्यांच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "म्हंजे भाडं बोटीचं द्याचं आन् गुडघाभर पाण्यातून चालाचं आपनच?"

पण खरी गंमत तारखेची. लग्न कधीचं? जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं. पोरगा कपाळाला हात लावून म्हणतो, "मामी, जूनमध्ये समुद्र बंद." पाऊस लागतो, समुद्र खवळतो, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलरसुद्धा बंदरात उभे असतात, तिथे यॉट कोण सोडणार? फार तर मांडवीत नदीतल्या नदीत फिरवतील. आजींनी तिथंच तुकडा पाडला, "नदीच पाहाची तं निर्गुडा का वाईट हाय?" आणि भाऊजी, जे इतका वेळ पेपरात तोंड घालून बसले होते, ते एकदम खुलले. मृग लागला की पेरणी, जूनमध्ये शेत सोडून त्यांना हलताच येत नव्हतं, फक्त बायकोला सांगायची हिंमत होत नव्हती. समुद्राने परस्पर सांगितलं! आता ठरलंय डिसेंबर. कापसाचे पैसेही हातात आलेले असतील. आजींचं मात्र सुरूच, "कार्डावर साडेपंचवीस लिवा मंग."

हां, वहिनींच्या मोठ्या जाऊबाई राहिल्याच! त्यांना कुणी बोलावलं होतं हो? पण पैठणी काढून तयार, नव्या हिलच्या चपलाही आणल्या टिळक चौकातून. भाचा सांगतो, डेकवर अनवाणीच जायचं, हिलने लाकूड खराब होतं. पडला ना चेहरा. वर आजी अडून बसल्या की लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी बोटीत पाय ठेवायचा नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. 2024 च्या डिसेंबरात गेटवेहून एलिफंटाला निघालेली ती नीलकमल, नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, किती माणसं गेली, आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं की. पण जाऊबाई म्हणे, "पैठणीवर ते नारिंगी गाठोडं? फोटोत मी दिसन तरी का?" आजी म्हणाल्या, "दिसशीन तं खरी. बुडाली तं फोटोच लावा लागन भिताडावर."

वहिनींचे सासरेबुवा वेगळेच. ते म्हणतात घाबरता काय, आपल्या वणीत जन्मलेले बापूजी अणे 1943 ते 47 तिकडे सिलोनात सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहून आले, तुम्हाला गोव्याचं पाणी लागतं? मात्र स्वतः बोटीत बसणार नाहीत, किनाऱ्यावर थांबणार. त्यांना नंदीग्रामने मुंबई आणि पुढे कोकणकन्या हवी, वहिनींना नागपूरहून विमान. तो तंटा अजून मिटायचाय.

आणि हळूच सांगते, कोणाला बोलू नका. बोटीच्या परवान्यात माणसं बारा म्हणजे बारा, मांडीवरचं लेकरूही मोजतात. यांची यादी चौदावर गेलीय. शिवाय भाडं तासांवर आहे. भाऊजींनी फोनवर ऐकलेला आकडा त्यांना दिवसभराचा वाटतोय! वहिनींना माहीत आहे, भाच्याला माहीत आहे, मला तर आहेच.

दोघं गळणारच बघा. सासरेबुवा किनाऱ्यावर, ते एक. नणंदेला बसमध्येसुद्धा अव्होमिन लागते, वरोऱ्याला पोचेपर्यंत खिडकीबाहेर मान, ती दुसरी. म्हणजे बरोबर बारा. पण जाऊबाईंनी रुसून नाही म्हटलं, तर एक जागा उरते. मला काही लागत नाही हो, ना गोळी ना आलेपाक. तुम्ही वहिनींच्या कानावर घाला सहज. माझं नाव नका घेऊ.