पाच तारे

हॉटेलच्या रजिस्टरात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. लोक तिथे ‘नोकरी’ लिहून मोकळे होतात. मी ‘लेखक’ लिहितो, वही फिरवून परत देतो आणि समोरच्याचा चेहरा बघत उभा राहतो. महाबळेश्वरच्या त्या हॉटेलात काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे दस्त लिहिता का? आमच्या मालकांचं एक खरेदीखत अडलंय.”

बायकोला खोकला आला.

जुलै महिना. वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात तो नेमका कधी पडतो हे आम्हाला ठाऊक होतं. पण भाडं निम्मं होतं. शेजारची खोली दिसत नव्हती, तिथे आर्थर सीट काय दिसणार! दोन दिवस खोलीतच काढायचे होते.

खोलीत किटली होती. किटलीबद्दल मला सविस्तर बोलायचंय. घाई असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाठावा. तिची वायर वीतभर. चालू असलेला एकमेव प्लग टीव्हीच्या मागे, जमिनीपासून चार बोटांवर. म्हणजे चहा करायचा तर आधी साष्टांग नमस्कार. ट्रेमध्ये चहाच्या पुड्या दोन, दूध पावडरीच्या दोन, साखरेच्या मात्र तीन. ही तिसरी कुणाची, यावर पंचवीस वर्षांचा संसार पणाला लागतो. पुडीवर ‘येथे फाडा’ असा बाण असतो. तेवढा भाग सोडून ती कुठूनही फाटते. मी दातांनी फाडली, तेव्हा अर्धी पावडर मिशीवर आली आणि उरलेलीच्या कपात गुठळ्या झाल्या. चहाची पुडी दोऱ्यासकट बुडाली, ती पेनाने बाहेर काढली. लेखकाच्या पेनाचा त्या मुक्कामातला हा एकमेव उपयोग. कपातल्या द्रवाचा रंग पावसाळ्यातल्या वेण्णा तलावाचा.

दारावर टकटक झाली. “चहा जमला नाही ना, सर?” एक पोरगा स्टीलचे दोन ग्लास घेऊन उभा. आल्याचा वास खोलीभर. “आमच्या स्टाफचा आहे. बिलात येणार नाही.” स्वयंपाकघर अंगणापलीकडे होतं. छत्री त्याने ट्रेवर धरली होती. स्वतः निथळत होता. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. दोन दिवस तो न मागता तसाच चहा आणत राहिला.

निघताना त्याने एक कार्ड पुढे केलं. “सर, पाच तारे द्या आणि नाव लिहा. नाव आलं तरच धरतात.”

याचा मला खरोखर राग येतो. पूर्वी मुठीतली नोट त्याच्या मुठीत गेली की हिशोब मिटायचा. आता त्याने आर्जवं करायची आणि मी परीक्षक व्हायचं. दहावीला भूमितीत काठावर सुटलेला मी! तरी चष्मा लावून त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचू लागलो.

“ते माझं नाव नाही, सर. कोट आधीच्या पोराचा आहे, तो सोडून गेला. पण तेच लिहा. सिस्टीममध्ये तेच आहे.”

दोन दिवसांत पहिल्यांदाच मला काही चुरचुरीत सुचलं नाही.

पसरणी घाट उतरताना मोबाईलवर अभिप्राय लिहिला. मन लावून लिहिला, तीन वेळा खोडला, मग पाठवला. वाई आल्यावर बायकोने फोन मागून घेतला आणि सगळा वाचला.

“धुकं छान उतरलंय,” ती म्हणाली. “पोरगा कुठेय?”