तिथी गुणिले पाऊण

कामोठ्यात थंडी पडते असं म्हटलं की आमचे नाशिकचे साडू फोनवर मोठ्याने हसतात. हसू देत. पौषातल्या पहाटे आमच्या सोसायटीखालच्या टपरीवर येऊन पाहा. माकडटोपी, मफलर, वर मुलाचं जुनं जाकीट असा सगळा संसार अंगावर चढवून कटिंग पिणारी मंडळी दिसतील आणि त्यांत ज्याच्या गळ्यात मफलरऐवजी कॅमेरा लटकतोय, तो मी. निवृत्तीनंतर बाबांना काहीतरी नाद हवा म्हणून मुलाने तो पाठवला, सोबत लांबचं टिपणारी एक भली थोरली लेन्सही पाठवली, जी मी थर्मास समजून फडताळात बरण्यांशेजारी ठेवून दिली होती. चहा ओतण्याआधी हिने खोक्यावरचं वाचलं. म्हणून ती वाचली.

नवी मुंबईत थंडीत फोटो काढायचे म्हणजे फ्लेमिंगोंचे. ठाणे खाडीत त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली, आता आमच्या जिन्यातला प्रत्येक माणूस पक्षितज्ज्ञ आहे. त्यांच्याकडून कळलं ते असं की ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी खाडीत लांब आत चरायला जातात, आणि भरतीने तो चिखल बुडाला की सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर येऊन निवांत उभे राहतात. म्हणजे आपल्याला हवी भरती. ती कधी, हे सांगायला शेजारचे नाना होतेच. ते मूळचे थळचे, भरती-ओहोटी त्यांच्या अंगातच. म्हणाले, "काही नाही हो, तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असली तर पावणेचार." मी लगेच विजेच्या बिलामागे 'तिथी × पाऊण' असं टिपून घेतलं. हे उत्तर भरतीचं की ओहोटीचं, ते लिहिलं नाही. एवढं काय, लक्षात राहील.

राहिलं. ओहोटीचं म्हणून राहिलं.

तेव्हा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा, ही ओहोटी. पुढे सहा तासांनी सव्वापाचला भरती, तीही नेमकी संध्याकाळच्या सोनेरी उन्हात, शिवाय पहाटे उठायला नको, असा तिहेरी योग मी जुळवून आणला. "अमावास्येला मुहूर्त काढणारे तुम्हीच," असं म्हणत हिने डबा दिला. मानसरोवरला लोकलमध्ये चढलो, खारघरला तिकाटण्याचा एक पाय एका ताईंच्या भाजीच्या पिशवीत गेला, तो बेलापूरला सुटला, सीवूड्सला मी मेथीच्या दोन काड्यांसह उतरलो आणि पाणथळीपाशी पोचून पाहतो तो ओला चिखल, दोन बगळे आणि क्रिकेट खेळून परतणारा एक मुलगा. "काका, फ्लेमिंगो सकाळी अकरा-साडेअकराला होते ना. खच्चून!" मी त्याला शांतपणे समजावलं की अकराला ओहोटी असते, त्यामुळे ते तिथे असणं शास्त्राला धरून नाही. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं. लांब क्षितिजावर एक गुलाबी पट्टा मात्र मला दिसला, मी श्वास रोखून त्याचे भराभर फोटो घेतले, आणि घरी येऊन संगणकावर मोठे करून पाहिले.

ताडपत्री होती.

दोष पक्ष्यांचाच, असं ठरवून पुढच्या पौर्णिमेला हिला घेऊन पनवेलहून अलिबागची एसटी पकडली. कुलाबा किल्ला, शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातला, १६८० सालचा. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच भल्याभल्यांना पाणी पाजलं. ओहोटीला माणूस किनाऱ्यावरून चालत थेट दरवाजापर्यंत जातो, तेव्हा सव्वाअकराला ओल्या वाळूत बुरुजांचं प्रतिबिंब टिपायचं, अशी माझी योजना. वडखळपर्यंत मी हिला प्रतिबिंबाबद्दलच सांगत होतो. बरोबर अकराला किनाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा पौर्णिमेचं उधाण किल्ल्याच्या तटाला धडका देत होतं, आणि ज्या वाळूत प्रतिबिंब पडायचं होतं ती कुठेतरी खोल खाली होती. घोडागाडीवाला गाडी सोडून निवांत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, तिकाटण्याकडे पाहिलं आणि घोड्याला चारा घातला. हिने माझ्या खिशातून विजेचं बिल काढलं, मागची पुढची बाजू वाचली, नानांना फोन लावला, दोन वाक्यं बोलली आणि फोन ठेवला. "भरती," एवढंच म्हणाली. मी त्या वेळी शटरच्या वेगाचा फार सूक्ष्म विचार करत होतो, त्यामुळे मागून आलेली लाट मला दिसली नाही. तिने माझी एक चप्पल नेली. मग होडीने किल्ल्यात गेलो. होडीतून काढलेल्या सगळ्या फोटोंत अरबी समुद्र डावीकडे सांडतो आहे.

डोंगराला भरती-ओहोटी नसते, म्हणून मग कलावंतीण. आमच्या गच्चीवरून पावसाळा सरता सरता प्रबळगड आणि त्याला खेटून उभा हा सुळका इतका स्वच्छ दिसतो की हात लावावासा वाटतो. पण थंडीत हवा हलत नाही, खालची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडून बसते आणि तिच्यासोबत हमरस्त्याचा धूर, बांधकामांची धूळ सगळं मुक्कामाला राहतं. गच्चीवरून मी कलावंतिणीचा फोटो काढला होता, त्यात फक्त करडा रंग आला. म्हणून म्हटलं, वर जाऊन कामोठ्याचा काढू. ठाकूरवाडीतून निघालो. प्रबळमाचीपर्यंत धाप लपवता आली, कारण सोबत कोणी नव्हतं. नाही म्हणायला डोक्यावर बोजा घेतलेली माचीवरची एक आजी मला ओलांडून वर गेली आणि मी बुटाची नाडी बांधत असतानाच परत खालीही आली. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्यांना कठडा नाही, त्यामुळे त्या मी दोन्ही हातांनी आणि उरलेल्या सगळ्या अवयवांनी चढलो, कॅमेरा पोटाखाली लोंबकळत दगडावर आपटत होता आणि आपटता आपटता स्वतःच बटण दाबून घेत होता. वर पोचून कामोठ्याच्या दिशेने फोटो काढला. करडा रंग. घरी आल्यावर गच्चीवरचा फोटो आणि सुळक्यावरचा फोटो शेजारी शेजारी लावले. कुठला कुठे काढला ते अजून सांगता येत नाही. कॅमेऱ्याने आपणहून काढलेल्या पायऱ्या मात्र अप्रतिम आल्या आहेत. मुलाने त्यांचंच कौतुक केलं. मी गप्प राहिलो.

"दादासाहेब फाळक्यांचा धीर बघ," मी एका रात्री मटार सोलता सोलता हिला म्हणालो. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याची चित्रं घेत घेत 'अंकुराची वाढ' तयार केली, 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी. "मग तेच करा," ही म्हणाली. "वाटाणा कुठे जात नाही, त्याला तिथी लागत नाही, आणि चप्पलही घरातच राहते." मी बाल्कनीत कुंडी मांडली, समोर तिकाटणं रोवलं, बाजारातून आणलेले सालासकटचे वाटाणे पेरले, आणि खरोखर कोंब आला. दोन पानं फुटली. तिसऱ्या पानाच्या दिवशी सकाळी मी दार उघडायला आणि कबुतर कुंडीवर उतरायला एकच गाठ पडली, त्याने अंकुर उपटला, मी बटण दाबलं.

माझ्या आयुष्यातला तो पहिला नेमका, लख्ख, सुस्पष्ट पक्षी. डोळ्यातली नारिंगी कड दिसतेय, चोचीतलं पान दिसतंय. सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्या अभिमानाने टाकला. तासाभराने सेक्रेटरींचा प्रतिसाद आला: बाल्कनीत कबुतरांना खाद्य घालण्यास सक्त मनाई आहे, पुराव्यादाखल फोटो जपून ठेवला आहे.