होकायंत्राची बदनामी

रोबो सरळ चालायचं सोडून स्वतःभोवती प्रदक्षिणा घालू लागला, की पहिला आरोपी ठरतो तो इलेक्ट्रॉनिक होकायंत्राचा सेन्सर. काहीशे रुपयांचा, अंगठ्याच्या नखाएवढा, वकील लावायची ऐपत नसलेला. ‘मॉड्यूलच फडतूस निघालं’ असा निकाल तासाभरात लागतो. माझं म्हणणं, हा आरोपी निर्दोष आहे. त्याचा गुन्हा एवढाच, की तो नको तितका प्रामाणिक आहे. आपण समजतो तो उत्तर दिशा दाखवतो. तो बिचारा फक्त चुंबकीय ओढ तीन अक्षांवर मोजतो. ती ओढ पृथ्वीची की शेजारच्या मोटारीची, असा भेदभाव त्याच्याकडे नाही.

आकडेच पाहा. सटाण्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला. दोन अँपिअर वाहून नेणारी वायर सेन्सरपासून एक सेंटीमीटरवर ठेवली, तर ती एकटी ४० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र उभं करते. म्हणजे अख्खी पृथ्वी एकीकडे आणि बॅटरीची लाल वायर दुसरीकडे, सामना जवळपास बरोबरीत. लांबच्या थोरापेक्षा जवळच्या किरकोळाची ओढ जास्त, हे तालुक्याच्या राजकारणात शेंबड्या पोरालाही कळतं. रोबोची जोडणी करताना मात्र भले भले विसरतात. त्यात सटाण्याचा बागलाण तालुका म्हणजे अर्ली द्राक्षांचा मुलूख. फवारणीचा रोबो बागेत सोडला, की दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल आणि डोक्यावर तारांचा मांडव. सेन्सर रोबोसकट हवेत आठचा आकडा काढत फिरवून कॅलिब्रेट केला, तरी त्याने रोबोच्या अंगावरचं लोखंड हिशेबात येतं. प्रत्येक पावलाला बदलणारे अँगल नाही.

यावर कोणी म्हणेल, मग होकायंत्र हवंच कशाला, जीपीएस आहे की! आहे, पण एका अँटेनाचं जीपीएस रोबो कुठे आहे ते सांगतं, जागच्या जागी उभ्या रोबोचं तोंड कुणीकडे आहे ते सांगत नाही. जायरोस्कोप वळणं अचूक मोजतो, पण त्याची बारीक चूक साठत जाते आणि सुरुवातीची दिशा त्याला दुसऱ्यानेच सांगावी लागते. दुसरा आक्षेप श्रीमंती थाटाचा: महागडा सेन्सर घ्या, प्रश्न मिटेल. त्याला मुंबईचा इतिहास पुरेसा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत नामांकित उपकरणं होती, निष्णात माणसं होती. पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदींचं बिऱ्हाड १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. ट्राम धावल्या १९०७ मध्ये. उपकरण जितकं संवेदनशील, तितकी त्याला ट्राम अधिक स्पष्ट दिसणार. तेव्हा उपकरण बदलून चालेना, म्हणून जागा बदलली.

आपल्यालाही तेच करायचं आहे, फक्त अलिबागला न जाता. सेन्सर मोटारीपासून दूर, उंच काठीवर बसवा. जाणत्या मंडळींचे ड्रोन उगीच शेंडी वाढवत नाहीत. क्षेत्राची एकूण तीव्रता ४३ च्या आसपास नसेल, तर अँगल जवळ आला समजून त्या क्षणी जायरोचं ऐका. हा आकडा ठीक असूनही दिशा फसवू शकते, हे खरं. म्हणून होकायंत्राचा शब्द एकट्याने प्रमाण मानायचा नाही, जायरोशी ताडून घ्यायचा. एवढं करूनही कुणाचा राग गेला नाही, तर त्यांनी सह्याद्रीचा काळा कातळ आठवावा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा त्यात गोठली, आणि पठाराच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे. कातळाला कोणी फडतूस म्हटलं नाही. उलट शास्त्रज्ञांनी त्यावरून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे ताडलं. डोंगराने उलटी दिशा दाखवली तर प्रबंध, आणि सेन्सरने दाखवली तर कचऱ्याची टोपली, हा न्याय बरा नव्हे.